जमिनीचा भाव आणि रुग्णाचा जीव
अमेरिकेतील नगरशासने व्यसनमुक्ती केंद्रांना दार का बंद करतात?

अमेरिकन संयुक्त संस्थानांत २०२१, २०२२ आणि २०२३ या तिन्ही वर्षांत मादक द्रव्यांच्या अतिसेवनाने दर वर्षी एक लाखाहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. व्हिएतनामच्या संपूर्ण युद्धात त्या देशाचे जेवढे सैनिक मेले, त्यांच्या जवळजवळ दुप्पट माणसे एकेका वर्षात, शांततेच्या काळात, स्वतःच्या घरात आणि रस्त्यावर मेली. २०२४ साली हा आकडा खाली आला, तरी तो सुमारे ८० हजार राहिला.

एवढ्या मोठ्या आपत्तीपुढे उपचारकेंद्रे हवीत, हे कोणीही नाकारत नाही. दोन्ही भांडवली पक्ष तसे सांगतात, प्रांतांचे गव्हर्नर सांगतात, धर्मोपदेशक सांगतात. मात्र केंद्राचा पत्ता ठरविण्याची वेळ आली, की नगरसभेचे सभागृह खच्चून भरते आणि एकच ठराव पुढे येतो: केंद्र अवश्य हवे, पण या गल्लीत नको. शेजारच्या गल्लीतही हाच ठराव, पलीकडच्या नगरातही हाच. अशा रीतीने तत्त्वतः जे सर्वत्र हवे, ते प्रत्यक्षात कोठेच उभे राहत नाही.

तेथील वृत्तपत्रे या नकाराला ‘शेजाऱ्यांची भीती’ असे निरुपद्रवी नाव देतात. भीती आहे, हे खरे. परंतु भीती ही आकाशातून पडत नाही. तिला कोणीतरी पोसते, तिला कायद्याची भाषा देते, तिच्यातून कोणाचे तरी हित साधते. या नकाराचे मूळ रुग्णाच्या स्वभावात नाही आणि शेजाऱ्याच्या मनातही नाही. ते जमिनीच्या भावात आहे.

विष आले तेव्हा परवाना कोणी मागितला नाही

प्रथम हे पाहिले पाहिजे, की हा रोग आला कोठून. १९९६ साली पर्ड्यू फार्मा या कंपनीने ऑक्सीकॉन्टिन ही अफूवर्गीय वेदनाशामक गोळी बाजारात आणली. तिने व्यसन लागण्याचा धोका कमी आहे, असा प्रचार डॉक्टरांपुढे करण्यात आला. हा प्रचार दिशाभूल करणारा होता, याची कबुली २००७ साली कंपनीशी संबंधित संस्थेने आणि तिच्या तीन उच्चाधिकाऱ्यांनी न्यायालयात दिली. ६० कोटी डॉलरांहून अधिक रक्कम भरली. आणि एकही अधिकारी तुरुंगात गेला नाही. २०२० साली कंपनीने पुन्हा एकदा गुन्हा कबूल केला. दरम्यान गोळीवरून हेरॉइनवर आणि हेरॉइनवरून फेंटानिलवर गेलेल्यांची एक पिढी मातीआड झाली.

या गोळ्यांचा सर्वात मोठा मारा झाला तो वेस्ट व्हर्जिनिया, केंटकी, ओहायो या प्रांतांत. तेथे कोळशाच्या खाणींनी आणि कारखान्यांनी माणसांची शरीरे झिजविली होती आणि मग खाणी व कारखाने बंद पडून त्याच माणसांचा रोजगारही गेला होता. वेस्ट व्हर्जिनियातील कर्मिट हे सुमारे ४०० वस्तीचे गाव. तेथील एकाच औषधाच्या दुकानात दोन वर्षांत सुमारे ९० लाख अफूवर्गीय गोळ्या पाठविण्यात आल्या. घाऊक वितरकांच्या गाड्या येत होत्या, माल उतरत होता, हिशेब चुकते होत होते. त्या गाड्या अडविण्यासाठी कोणतीही तातडीची सभा बोलावली गेली नाही. गोळी शाळेपासून किती फुटांवर विकली जावी, याची मोजणी कोणी केली नाही.

मोजपट्टी बाहेर निघाली ती औषध आले तेव्हा.

पाचशे फुटांची भिंत

अफूवर्गीय द्रव्यांच्या व्यसनावर मेथाडोन हे अनेक दशकांच्या अनुभवाने सिद्ध झालेले औषध आहे. १९६० नंतरच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट डोल आणि मेरी निस्वांडर या डॉक्टरांनी त्याची उपचारपद्धती उभी केली. योग्य मात्रेत दिलेले मेथाडोन तलफ आणि अंगाची तडफड शमविते. रुग्ण शुद्धीवर राहतो, कामावर जाऊ शकतो, घर चालवू शकतो. २००५ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला. परंतु अमेरिकेत व्यसनावरील उपचारासाठी ते खास परवाना असलेल्या केंद्रातूनच मिळते, आणि २०२० पासून नियम सैल होऊ लागेपर्यंत बहुतेक नव्या रुग्णांना तेथे जवळजवळ दररोज जावे लागे. अर्थात केंद्र कोठे आहे, यावर कामगाराची नोकरी टिकणार की जाणार, हे ठरते. दोन बसगाड्या बदलून दोन तास दूर असलेले केंद्र म्हणजे नसलेले केंद्र होय.

नगरशासनांनी नेमके याच ठिकाणी बोट ठेवले. कॅलिफोर्नियातील अँटिऑक येथे मेथाडोन केंद्र येणार असे कळताच १९९८ साली नगरसभेने तातडीचा वटहुकूम काढला: निवासी भागापासून ५०० फुटांच्या आत असे केंद्र नको. पेनसिल्व्हेनिया प्रांताने तर १९९९ साली कायदाच केला. शाळा, बालसंगोपनगृह, क्रीडांगण, उद्यान, निवासी वस्ती, प्रार्थनास्थळ यांपैकी कशापासूनही ५०० फुटांच्या आत मेथाडोन केंद्र उघडायचे, तर स्थानिक नगरसभेचे मत अनुकूल पाहिजे. ज्या शहरात घराला घर लागून आहे आणि दर दोन गल्ल्यांआड चर्च आहे, तेथे ५०० फुटांचे अशी वर्तुळे काढली की नकाशावर मोकळी जागा उरतच नाही. त्याच प्रांतातील रेडिंग शहराच्या नगरसभेने या कायद्याच्या आधारे २००२ साली एका केंद्राला एकमताने नकार दिला.

न्यूयॉर्कजवळच्या व्हाइट प्लेन्स शहरात तर निवासी भागाचाही प्रश्न नव्हता. तेथे समुपदेशन करणारी एक संस्था शहराच्या व्यापारी भागातील इमारतीत जाऊ इच्छीत होती. इमारत खात्याच्या अधिकाऱ्याने हा कार्यालयाचाच वापर आहे, असा निर्णय देऊन परवानगी दिली. त्यावर आक्षेप घेणाऱ्यांत जवळच्या बाजारसंकुलाचे मालक होते. नगराच्या अपील मंडळाने परवानगी फिरविली. ‘शेजारी’ या शब्दाचा अर्थ येथे स्पष्ट होतो. शेजारी म्हणजे प्रत्येक वेळी चिंताग्रस्त माता नव्हे. शेजारी म्हणजे दुकानांच्या गाळ्यांचे भाडे मोजणारा मालकही असतो.

तिन्ही ठिकाणी संघराज्याच्या न्यायालयांनी नगरशासनांविरुद्ध कौल दिला: व्हाइट प्लेन्सबाबत १९९७ साली, अँटिऑकबाबत १९९९ साली आणि रेडिंगबाबत २००७ साली. आजारी माणसाला त्याच्या आजारावरून वगळणे हा भेदभाव आहे, असे न्यायालयांनी सांगितले. निकाल योग्यच होते. पण रेडिंगमधील संस्थेने परवानगीसाठी पहिली पावले टाकली २००१ साली आणि अपील न्यायालयाचा निकाल आला २००७ साली. सहा वर्षे वकील पोसण्याची ताकद किती संस्थांत असते? आणि व्यसनाच्या विळख्यातील माणसाजवळ सहा वर्षे असतात काय? शिवाय अपंगांच्या हक्कांचा जो कायदा येथे कामी आला, तो बरे होऊ लागलेल्यास संरक्षण देतो. ज्याचे बेकायदा सेवन चालू आहे, त्या सेवनापुरता त्याला वाऱ्यावर सोडतो. ज्याला दाराची सर्वाधिक गरज, त्याच्यासाठी दार सर्वात अरुंद.

‘कुटुंब’ म्हणजे कोण?

केंद्राला विरोध समजण्यासारखा आहे, असे म्हणणाऱ्यांनी वॉशिंग्टन प्रांतातील एडमंड्स शहराचे उदाहरण तपासावे. तेथे औषधे वाटणारे केंद्र नव्हतेच. तेथे होते फक्त एक घर. व्यसनातून बाहेर पडणाऱ्या दहा-बारा प्रौढांनी १९९० साली ते भाड्याने घेतले होते. हे घर ऑक्सफर्ड हाउस या नावाने १९७५ साली मेरीलँडमध्ये सुरू झालेल्या चळवळीचा भाग होते. तिचे नियम साधे आहेत: घराचा कारभार रहिवाशांनी मतदानाने चालवायचा, भाडे सर्वांनी मिळून भरायचे आणि जो पुन्हा नशा करील त्याने घर सोडायचे. सरकारी नोकर नाही, मालक नाही, नफा नाही. श्रमिकांनी परस्परांच्या आधाराने उभे राहण्याचा याहून निर्दोष प्रकार क्वचितच सापडेल.

एडमंड्स शहराने या घराचा मालक व एक रहिवासी यांच्यावर फौजदारी कारवाई सुरू केली. कारण काय? शहराच्या नियमानुसार त्या भागात ‘एक कुटुंब’च राहू शकते, आणि कुटुंब म्हणजे रक्ताच्या किंवा विवाहाच्या नात्याने बांधलेली कितीही माणसे, अथवा नाते नसलेली जास्तीत जास्त पाच. नातेवाईक वीस असले तरी चालतील. एकमेकांना मृत्यूच्या दाढेतून ओढून काढणारे सहा जण चालणार नाहीत! १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितले, की हा नियम गर्दी रोखण्यासाठी नसून कुटुंबाची व्याख्या करण्यासाठी आहे, आणि म्हणून भेदभावविरोधी गृहनिर्माण कायद्यातून त्याला सूट मिळणार नाही.

यातून नगरशासनांनी एक धडा मात्र घेतला: उघड बोलायचे नाही. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील न्यूपोर्ट बीच या धनाढ्य शहराने २००८ साली केलेला कायदा वरकरणी सर्वांना सारखा लागू होणारा होता. २०१३ साली अपील न्यायालयाला सांगावे लागले, की भाषा तटस्थ असली तरी हेतू भेदभावाचा असल्याचे पुरावे पुढे आल्यास दावा चालू शकतो.

झोनिंगचा वंशवृक्ष

जमीन कोणी कशासाठी वापरावी हे विभागवार ठरविणाऱ्या या नियमांना अमेरिकेत झोनिंग म्हणतात. कारखान्याचा धूर घराच्या खिडकीत येऊ नये, हा त्याचा सांगितला जाणारा हेतू. पण त्याचा इतिहास वेगळेच सांगतो. १९१० साली बाल्टिमोर शहराने कोणत्या गल्लीत गोऱ्यांनी आणि कोणत्या गल्लीत काळ्यांनी राहावे, हे ठरविणारा कायदा केला. असे कायदे सर्वोच्च न्यायालयाने १९१७ साली रद्द केले. तेव्हा उघड वंशभेदाची जागा जमिनीच्या ‘दर्जा’ने घेतली. १९२६ साली ओहायोतील युक्लिड गावाच्या खटल्यात त्याच न्यायालयाने झोनिंगला मान्यता दिली आणि स्वतंत्र बंगल्यांच्या वस्तीत उभ्या राहणाऱ्या भाड्याच्या सदनिकांच्या इमारतींना चक्क परजीवी म्हटले. आज मेथाडोन केंद्राला जे म्हटले जाते, ते शंभर वर्षांपूर्वी भाडेकरूला म्हटले गेले होते.

या यंत्रणेला आर्थिक आधारही आहे. अमेरिकेतील नगरशासनांच्या आणि शाळांच्या करउत्पन्नाचा फार मोठा भाग घरजमिनीवरील करातून येतो. जमिनीचा भाव पडला की कर पडतो, कर पडला की शाळा खालावते, शाळा खालावली की भाव आणखी पडतो. म्हणून नगरशासन हे नागरिकांच्या आरोग्याचे रक्षक होण्याऐवजी भावाचे पहारेकरी बनते. रुग्ण बरा झाला तर त्याचा लाभ साऱ्या समाजाला. केंद्रामुळे भाव पडेल ही धास्ती मात्र एका गल्लीला. खासगी मालमत्तेच्या हिशेबात पहिली गोष्ट शून्य धरली जाते आणि दुसरी पैन् पै.

एंगल्सने १८७२ साली घरांच्या प्रश्नावर लिहिताना दाखवून दिले होते, की भांडवलदार वर्ग गलिच्छ वस्त्यांचा प्रश्न सोडवीत नाही, फक्त त्यांची जागा बदलतो. व्यसनाच्या प्रश्नाचेही तसेच झाले आहे.

विरोधकांचे युक्तिवाद

विरोधकांचा पहिला युक्तिवाद गुन्हेगारीचा. बाल्टिमोर शहरातील एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. दारूची दुकाने, किराणा दुकाने आणि व्यसनोपचार केंद्रे यांच्या परिसरातील हिंसक गुन्ह्यांची त्यात तुलना केली होती. केंद्रांभोवती गुन्हे दुकानांभोवतीच्याहून अधिक आढळले नाहीत. तरीही दुकानाला परवाना सहज मिळतो आणि केंद्राला सभागृहात उभे करून उलटतपासणी होते.

दुसरा युक्तिवाद अधिक गंभीर आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. कामगाराने तीस वर्षे हप्ते भरून घेतलेले घर हीच त्याची एकमेव पुंजी असते. निवृत्तिवेतनाचा भरवसा नाही, आजारपणात घर विकावे लागेल ही टांगती तलवार. त्याला भावाची चिंता वाटली तर तो दुष्ट ठरत नाही. परंतु त्याच्या असुरक्षिततेचे कारण पलीकडच्या गल्लीतला रुग्ण नव्हे. ज्या व्यवस्थेने त्याचे म्हातारपण विटा-मातीच्या भावाला टांगले, तीच त्याला दुसऱ्या श्रमिकाविरुद्ध उभे करते. आणि सभागृहातून घरी परतल्यावर व्यसन त्याच्याच मुलाच्या खोलीत शिरलेले असू शकते.

तिसरा युक्तिवाद असा, की ही केंद्रे लुबाडणूक करतात. अनेक ठिकाणी तो खरा आहे. फ्लोरिडात आणि दक्षिण कॅलिफोर्नियात विमा असलेले रुग्ण दलालांमार्फत विकले गेले. एका घरातून दुसऱ्या घरात, एका पुनर्सेवनातून दुसऱ्या उपचारात त्यांना फिरविण्यात आले. दलालीला आळा घालण्यासाठी २०१८ साली संघराज्याला वेगळा कायदा करावा लागला. अॅरिझोना प्रांतात २०२३ साली उघडकीस आले, की आदिवासी रुग्णांना उपचाराच्या नावाखाली घरांत भरून सरकारी विमा योजनेतून पैसे उकळले जात होते. पण यावरून काय सिद्ध होते? उपचार नको हे नव्हे. उपचारावर नफा नको हे सिद्ध होते. नगरशासनांनी मात्र उलटे केले. फसवणूक करणारे केंद्र आणि प्रामाणिक केंद्र यांत भेद न करता त्यांनी रुग्णालाच हद्दपार केले.

राहिला ‘स्थानिक लोकशाही’चा युक्तिवाद. आपल्या गावात काय व्हावे हे गावाने ठरवू नये काय? जरूर ठरवावे. केंद्र कोणत्या इमारतीत असावे, वेळ कोणती, तपासणी कोणी करावी, हे ठरविण्यात गावाचा हात असलाच पाहिजे. परंतु दुसऱ्याला औषध मिळावे की नाही, यावर मतदान घेणे ही लोकशाही नव्हे. मागासलेल्या मताला भिऊन त्याचे नेतृत्व सोडून देणे हीही लोकशाही नव्हे.

एक बेट, एक पूल, दोन नगरपालिका

या धोरणाचा शेवट कोठे होतो, हे बॉस्टन शहराने दाखविले. बॉस्टनच्या बंदरातील लाँग आयलंड हे बेट त्या शहराच्या मालकीचे. तेथे बेघरांचे निवारे आणि व्यसनमुक्तीचे कार्यक्रम चालत. बेटाकडे जाणारा पूल मात्र शेजारच्या क्विन्सी शहराच्या वस्तीतून जाई. १९५१ सालचा तो पूल धोकादायक ठरवून ऑक्टोबर २०१४ मध्ये अचानक बंद करण्यात आला. शेकडो निराधार व रुग्ण एका रात्रीत बाहेर काढले गेले. पुढच्या वर्षी पूल पाडण्यात आला. बॉस्टनने २०१८ साली पूल पुन्हा बांधून बेटावर मोठे उपचारसंकुल उभारण्याची घोषणा केली. क्विन्सीने वाहतूक आणि पर्यावरण यांची ढाल पुढे करून परवानगी नाकारली, आणि परवान्यांची व खटल्यांची मालिका सुरू झाली. पूल बंद झाल्याला दशक उलटून गेले तरी नवा पूल उभा राहिलेला नाही.

रुग्ण कोठे गेले? ते नाहीसे झाले नाहीत. बॉस्टनमधील मॅसाच्युसेट्स अॅव्हेन्यू आणि मेल्निया कॅस बुलव्हार या रस्त्यांच्या चौकाभोवती तंबू उभे राहिले, सुया पडल्या, माणसे मेली. मग पोलिसांनी तंबू हटविले आणि माणसे इतर गल्ल्यांत पसरली. आजार दाराशी नको म्हणणाऱ्या समाजाला तो अखेर रस्त्यावर पाहावा लागला. दोष मात्र लावण्यात आला तंबूतल्या माणसाला!

भारतातील नकाराचे रूप

हे सारे दूरच्या देशाचे चित्र म्हणून सोडून देता येणार नाही. सामाजिक न्याय मंत्रालय आणि अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था यांच्या २०१९ सालच्या अहवालानुसार भारतात दारूच्या समस्येसाठी मदतीची गरज असलेले लोक सुमारे ५ कोटी ७० लाख, तर अफूवर्गीय द्रव्यांमुळे गरज असलेले सुमारे ७७ लाख आहेत. दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कोणता तरी उपचार मिळाल्याचे आणि १८० जणांपैकी एकालाच रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळाल्याचे या अहवालात नमूद आहे.

येथे नकार वेगळ्या वेषात येतो. अमेरिकेत प्रस्ताव येतो आणि नगरसभा तो फेटाळते; येथे बहुतेक वेळा प्रस्तावच येत नाही. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ७१ ने उपचारकेंद्रे स्थापण्याची बाब शासनाच्या मर्जीवर सोडली. शिक्षा सक्तीची, उपचार ऐच्छिक. शासनाने हे काम प्रामुख्याने अनुदानावर चालणाऱ्या स्वयंसेवी संस्थांवर सोपविले आणि उरलेले मैदान खासगी केंद्रांना मोकळे केले. त्यांतील कित्येकांत रुग्णांना डांबून ठेवून मारहाण झाल्याच्या बातम्या वेगवेगळ्या राज्यांतून येत असतात.

दारूच्या बाजूने मात्र यंत्रणा तत्पर आहे. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा पिण्याची दारू त्याबाहेर ठेवण्यात आली; राज्यांच्या हाती उरलेल्या मोजक्या करांत दारूवरील उत्पादन शुल्क हा एक मोठा कर राहिला. महाराष्ट्रात गावातील दुकान बंद करायचे, तर स्त्रियांनी आधी सह्या गोळा करायच्या, त्यांची पडताळणी व्हायची आणि मग यादीतील एकूण मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते ‘आडव्या बाटली’ला मिळवायची. मतदानाला न आलेली प्रत्येक बाई दुकानदाराच्या बाजूची धरली जाते. विष विकणाऱ्याचा हक्क हलविण्यासाठी एवढा डोंगर. आणि रुग्णाला केंद्र नाकारण्यासाठी काहीच न करणे पुरेसे!

मागणी कोणती?

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू व अमली पदार्थ यांच्याशी निगडित आजार आपल्या कक्षेत घेतले आहेत आणि शासनाने चालविलेल्या वा निधी दिलेल्या सेवेतून उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकास दिला आहे. हक्क कागदावर आहे. तो वॉर्डात उतरविला पाहिजे. नळाचे पाणी आणि लसीकरण जसे प्रत्येक वस्तीपर्यंत पोचणे हे नगरपालिकेचे कर्तव्य, तसाच व्यसनोपचार प्रत्येक शासकीय रुग्णालयात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळाला पाहिजे; गरिबांच्या वॉर्डात मिळाला पाहिजे आणि श्रीमंतांच्या वॉर्डातही. केंद्रे सर्वत्र असली, की एखाद्या गल्लीचाच भाव पडण्याची भीती आपोआप निराधार ठरते. खासगी केंद्रांची नोंदणी व तपासणी सक्तीने झाली पाहिजे, आणि दारूच्या उत्पन्नाचा ठरलेला वाटा उपचारावर खर्च झाला पाहिजे.

कामगार संघटनांनी, महिला संघटनांनी आणि नगरपालिकांतील जनतेच्या प्रतिनिधींनी या मागण्या स्वतःच्या मानल्या पाहिजेत. व्यसनी कामगाराला कामावरून काढून टाकणे मालकाला सोपे असते आणि त्याच्यापासून तोंड फिरविणे सोबत्यांना सोपे असते. या दोन सोप्या वाटा शेवटी एकाच ठिकाणी, स्मशानात, मिळतात. पहिले केंद्र आपल्याच गल्लीत उघडा, असे सभेत उठून सांगणारी वस्ती हीच या नकाराला खरे उत्तर देऊ शकेल.